पगार, पाव आणि कंपनी : लॅटिनचा ठसा इंग्रजीवर आणि आपल्यावर

मराठी माध्यमातून दहावी होऊन महाविद्यालयात आलेल्या आमच्यासारख्या विद्यार्थ्यांची इंग्रजीबद्दलची तक्रार बहुधा एकच असते. व्याकरण कसेबसे समजते, काळ आणि क्रियापदे पाठ करता येतात, पण शब्द अडवतात. त्यातही विशेष असे की सगळेच शब्द अडवीत नाहीत. 'हाउस', 'वॉटर', 'मदर', 'ईट' हे शब्द आपण कधी शिकलो तेही आठवत नाही. परंतु 'डोमेस्टिक', 'अ‍ॅक्वाटिक', 'मॅटर्नल', 'एडिबल' असे शब्द पुस्तकात आले की वाचन तेथेच थांबते. घर ठाऊक असते, पण घरगुती कळत नाही. पाणी ठाऊक असते, पण पाण्यातले कळत नाही. आई ठाऊक असते, पण आईकडचे कळत नाही! 'आपल्याला इंग्रजी येत नाही' हा जो सल मनात बसतो, तो मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांमुळे.

या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे. हे अवघड शब्द मुळात इंग्रजीच्या घरचे नव्हेत. त्यांतले बहुसंख्य शब्द लॅटिन भाषेकडून, कधी थेट आणि कधी फ्रेंचच्या मध्यस्थीने, इंग्रजीत आलेले आहेत. ते इंग्रज मुलालाही आईच्या मांडीवर मिळत नाहीत, त्यालाही ते शाळेतच शिकावे लागतात. आणि ते समजून घेण्याचे साधन आपल्याजवळ पूर्वीपासून आहे. शाळेत मराठी व्याकरणाच्या तासाला तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषी असे शब्दांचे प्रकार आपण शिकलो. गुणांपुरते पाठ करून सोडून दिलेला हा धडाच इंग्रजी शब्दसंपत्तीची किल्ली आहे.

प्रथम इतिहास पाहू. इंग्रजी ही जर्मानिक कुळातली भाषा. इसवी सनाच्या पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन इत्यादी टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या, त्यांच्या बोलीतून ती वाढली. या टोळ्यांचा युरोपच्या भूमीवर असतानाच रोमन व्यापाऱ्यांशी आणि शिपायांशी संबंध आलेला होता. त्या देवघेवीत 'स्ट्रीट', 'वॉल', 'वाइन', 'चीज', 'किचन', 'माइल' असे रोजच्या व्यवहाराचे लॅटिन शब्द त्यांच्या तोंडी बसले. ते आज इतके घरचे वाटतात की कोणी त्यांना परके म्हणणार नाही. 'माइल' म्हणजे मुळात रोमन सैनिकाची हजार पावले. लॅटिनमध्ये 'मिले' म्हणजे हजार.

दुसरी लाट धर्माबरोबर आली. इ. स. ५९७ मध्ये रोमहून धर्मप्रसारक इंग्लंडात उतरले आणि त्यांच्याबरोबर 'कँडल', 'ऑल्टर' यांसारखे शब्द आले. 'स्कूल' हा शब्दही लॅटिनच्या हातूनच आला, जरी त्याचे मूळ ग्रीक आहे. तिसरी लाट तलवारीबरोबर आली. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबाराची, कचेरीची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंच ही लॅटिनची लेक. 'कोर्ट', 'जज', 'जस्टिस', 'प्रिझन', 'टॅक्स' हे शब्द या वाटेने आले. राज्यकर्ते बदलले की कचेरीची भाषा बदलते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. आपल्याकडे 'वकील', 'फिर्याद', 'हुकूम', 'जमीन', 'दप्तर' हे शब्द फारसी राजवटीने असेच ठेवून दिले आहेत.

चौथी लाट सर्वांत मोठी. १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना सुरू झाला आणि पुढच्या दोन शतकांत विद्येचे पुनरुज्जीवन झाले. विद्वानांची भाषा लॅटिनच होती. न्यूटनने आपला 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ १६८७ मध्ये लॅटिनमध्येच प्रसिद्ध केला. प्रकाशावरचा 'ऑप्टिक्स' हा ग्रंथ मात्र १७०४ मध्ये त्याने इंग्रजीत काढला. लॅटिनमधून इंग्रजीत विचार आणताना लेखकांनी शब्दही पोत्यांनी आणले. परिणाम असा की आज इंग्रजी शब्दकोशातल्या निम्म्याहून अधिक शब्दांचे मूळ थेट किंवा आडवळणाने लॅटिनपर्यंत जाते. मात्र बोलताना सर्वांत जास्त वापरले जाणारे शंभर शब्द घेतले, तर ते जवळजवळ सर्व जुन्या घरच्या इंग्रजीतले निघतात. कोश लॅटिनचा आणि तोंड सॅक्सनचे, असे म्हणावयास हरकत नाही.

यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे शब्द मजल्यामजल्यांनी रचले गेले. विचारण्याला घरात 'आस्क', वर्गात 'क्वेश्चन' आणि पोलिस चौकीत 'इंटरॉगेट'! पहिला घरचा, दुसरा फ्रेंचमार्गे आलेला, तिसरा थेट लॅटिन. आपल्याकडे 'धनी', 'मालक' आणि 'स्वामी' हे तीन शब्द असेच तीन मजल्यांवर राहतात. गडी धनी म्हणतो, भाडेकरू मालक म्हणतो आणि भक्त स्वामी म्हणतो.

आता तत्सम-तद्भव पाहा. मराठी मूल घरी 'दात' शिकते आणि पुस्तकात 'दंत'. इंग्रज मूल घरी 'टूथ' शिकते आणि पुस्तकात 'डेंटल'. आपण 'नाव' म्हणतो आणि 'नामनिर्देशन' लिहितो. ते 'नेम' म्हणतात आणि 'नॉमिनेशन' लिहितात. आपले 'नवा' आणि 'नवीन', त्यांचे 'न्यू' आणि 'नॉव्हेल'. आपले 'पाय' आणि 'पदयात्रा', त्यांचे 'फूट' आणि 'पेडल'. दोन्हीकडे घरचे नाम साधे आणि त्याचे विशेषण मात्र शिष्ट भाषेतले. इंग्रजीच्या घरात लॅटिनचे जे स्थान, तेच मराठीच्या घरात संस्कृतचे, हे एकदा मनात पक्के झाले की 'टूथ'पासून 'डेंटल' का निघत नाही या प्रश्नाचे उत्तर मिळते.

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. 'दात' हा 'दंत'चा वंशज आहे. 'टूथ' मात्र लॅटिन 'डेन्स'चा वंशज नसून चुलतभाऊ आहे, कारण दोन्ही भाषा एका अधिक जुन्या पूर्वज भाषेतून वेगवेगळ्या निघाल्या. खरी तत्सम-तद्भव जोडी हवी असेल तर ती इंग्रजीत फ्रेंचमुळे सापडते. एकच लॅटिन शब्द फ्रेंच तोंडात झिजून आधी आला आणि नंतर पुस्तकातून कोरा करकरीत पुन्हा आला. 'फ्रेल' आणि 'फ्रॅजाइल', 'पुअर' आणि 'पॉपर', 'शुअर' आणि 'सिक्युअर' या अशा जोड्या आहेत. 'काम' आणि 'कर्म' यांच्यात जे नाते, तेच यांच्यात.

येथपर्यंतची हकीगत इंग्लंडची झाली. परंतु या विषयाचा शोध घेताना मला सर्वांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. लॅटिनचे शब्द आपल्या ठाणे परिसरात इंग्रजीच्याही आधी येऊन राहिलेले आहेत. ते आणले पोर्तुगीजांनी. पोर्तुगीज हीसुद्धा फ्रेंचप्रमाणेच लॅटिनची लेक, म्हणजे फ्रेंचची सख्खी बहीण. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि ठाणे व साष्टी हा मुलूख दोनशे वर्षे त्यांच्या अमलाखाली राहिला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई सर केली. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द घरोघर राहिले. पुढे इंग्रज आले आणि त्यांनी त्याच लॅटिन मुळांचे दुसरे अवतार आणले. म्हणजे एकाच आजीच्या दोन नाती दोन वाटांनी आपल्या दारात आल्या आणि आपण त्यांना एकमेकींची ओळखही करून दिली नाही.

ही ओळख करून देण्यासारखी आहे. पोर्तुगीजांच्या बोलीतून 'पगार' आला. लॅटिनमध्ये 'पाकारे' म्हणजे शांत करणे. देणेकऱ्याने पैसे दिले की घेणेकरी शांत होतो! त्याच 'पाकारे'पासून फ्रेंचमार्गे इंग्रजी 'पे' आणि 'पेमेंट' निघाले आणि 'पीस' म्हणजे शांतता हा शब्दही त्याच कुळातला. माझे वडील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात. त्यांच्या पाकिटावर 'पे स्लिप' छापलेले असते आणि घरात आम्ही त्याला 'पगाराची चिठ्ठी' म्हणतो. पण दोन्ही एकच शब्द आहेत, आणि महिन्याच्या एक तारखेला घरात जी शांतता नांदते तिचाही त्यांच्याशी संबंध आहे, हे कळल्यावर वडील मनापासून हसले.

'पाव' हा लॅटिन 'पानिस' म्हणजे रोटी या शब्दाचा पोर्तुगीज अवतार. आता ज्यांच्याबरोबर आपण रोटी खातो, तो सोबती. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सह, आणि त्याला 'पानिस' जोडून झाला 'कंपॅनियन'. अशा सोबत्यांचा मेळा म्हणजे 'कंपनी'. वागळे इस्टेटपासून अंबरनाथपर्यंत किती घरांतली माणसे सकाळी 'कंपनीत' जातात! मधल्या सुट्टीत चौघे मिळून वडापाव खातात तेव्हा ते त्या शब्दाचा मूळ अर्थच पाळीत असतात.

'मेस्त्री' हा शब्द लॅटिन 'मागिस्तेर'पासून पोर्तुगीजमार्गे आला. त्याच 'मागिस्तेर'पासून इंग्रजीतून आपले 'मास्तर' आले आणि कुळाने 'मॅजिस्ट्रेट'ही त्यांचाच. गवंडीकाम पाहणारा मेस्त्री, शाळेतले मास्तर आणि न्यायासनावरचे मॅजिस्ट्रेटसाहेब हे तिघे एका आडनावाचे आहेत, हे समाजाच्या ध्यानात येत नाही. शब्दांच्या घराण्यात उच्चनीच नसते, ते माणसे मागाहून लावतात.

'तुरुंग' हा पोर्तुगीज 'त्रोंको'पासून आला. त्याचा अर्थ झाडाचे खोड, आणि मग कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी खोडा. लॅटिन 'त्रुंकुस' हे त्याचे मूळ, आणि इंग्रजी 'ट्रंक' त्याचेच भावंड. खोड कोरून पेट्या करीत, म्हणून पेटीला ट्रंक म्हणू लागले. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेल्या किल्ल्यात आहे. तेव्हा इमारत आणि तिचे लोकांच्या तोंडचे नाव, ही दोन्ही त्याच पाहुण्यांनी मागे ठेवली, असे म्हणता येईल.

'चावी' लॅटिन 'क्लाविस'पासून आली. शरीरशास्त्राच्या पुस्तकात खांद्यापुढील आडव्या हाडाला 'क्लॅव्हिकल' म्हणजे छोटी चावी म्हटले आहे. 'नाताळ' म्हणजे जन्मदिवस. 'नेटिव्ह', 'नेशन' आणि 'नेचर' हे त्याच लॅटिन मुळाचे शब्द, आणि आपला 'जन्म'ही दूरच्या नात्याने त्यांचाच आप्त. बाजारात आपण 'कोबी' आणि 'फ्लॉवर' शेजारी शेजारी घेतो. 'कोबी'चे मूळ लॅटिन 'काउलिस'. तोच शब्द 'कॉलिफ्लॉवर'च्या पहिल्या अर्ध्या भागात आहे. भाजीवाल्याने तो अर्धा भाग टाकून दिला आणि फूल तेवढे ठेवले.

अर्थात पोर्तुगीजांनी आणलेला प्रत्येक शब्द लॅटिनचा नव्हे. 'बटाटा' आणि 'काजू' हे अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांचे शब्द, 'लिलाव' मुळात अरबी, आणि 'हापूस' हे अफोन्सो या व्यक्तिनामावरून पडलेले नाव. तसेच सर्व ठाणे जिल्हाही या एकाच प्रभावाखाली नव्हता. शिवरायांनी कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये घेतली ती आदिलशाहीकडून. तेव्हा खाडीच्या एका काठी फारसीची छाया, तर दुसऱ्या काठी पोर्तुगीजची. आपली बोली या दोन्ही काठांचे पाणी प्यायली आहे.

यानंतर आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. गाडीबरोबर लॅटिन मुळाच्या शब्दांची दुसरी मोठी खेप उतरली. 'लोकल' हा शब्द 'लोकुस' म्हणजे जागा यापासून. 'सिग्नल' 'सिग्नुम' म्हणजे खूण यापासून. 'पास' 'पासुस' म्हणजे पाऊल यापासून. 'टर्मिनस' तर प्रत्ययासकट शुद्ध लॅटिन, अर्थ हद्द. रोमन लोकांचा हद्दीच्या दगडाचा देव त्याच नावाचा होता. 'फास्ट' आणि 'स्लो' हे मात्र जुन्या घरच्या इंग्रजीतले शब्द. म्हणजे 'स्लो लोकल' म्हणताना आपण इंग्रजीचे दोन मजले दोन शब्दांत चढून उतरतो.

स्टेशनबाहेर 'बस' मिळते. तिची कथा तर व्याकरणाच्या तासाला सांगण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वांसाठी'. इंग्रजांनी पुढचा 'सर्व' गाळला आणि उरला तो 'बस'. म्हणजे चतुर्थीच्या अनेकवचनाचा नुसता प्रत्यय! संस्कृत घेतलेल्यांना 'देवेभ्यः', 'नरेभ्यः' यांतला 'भ्यः' आठवेल. तो या 'बुस'चा नातलग आहे. सर्व गेले आणि 'साठी' तेवढी राहिली, तरी गाडी मात्र भरून जाते.

आणि 'स्टेशन'? ते लॅटिन 'स्तातिओ'पासून, धातू 'स्ता' म्हणजे उभे राहणे. संस्कृतात तोच धातू 'स्था'. त्यापासून 'स्थान', 'स्थानक'. शिलाहारांच्या ताम्रपटांत आपल्या शहराचे नाव 'श्रीस्थानक' असे येते, त्यातूनच 'ठाणे'. तेव्हा 'ठाणे स्टेशन' किंवा 'ठाणे स्थानक' म्हणताना आपण एकाच धातूची दोन रूपे शेजारी उभी करतो. पूर्वज भाषेतून निघालेले एक रूप संस्कृत आणि प्राकृतातून येथेच वाढले, आणि दुसरे रोम, फ्रान्स आणि इंग्लंड अशी यात्रा करून रुळांवरून त्याच्याजवळ येऊन उभे राहिले.

हे साम्य फार पूर्वी एका इंग्रजाच्या ध्यानात आले होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. हेच पुढे मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे कवी. ते १६१६ मध्ये छापले गेले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मूळ भाषेच्या कन्या असाव्यात हा विचार कलकत्त्याला मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. मात्र नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबू नये. आपल्या 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार आणि अर्थ जुळतो, तरी त्यांचे काही नाते नाही. नाते ठरते ते अनेक शब्दांत नियमाने दिसणाऱ्या ध्वनिबदलावरून.

परके शब्द इतके आले की कोणीतरी विरोध करणारच. इंग्लंडात सोळाव्या शतकात सर जॉन चीक यांनी आपली भाषा निर्भेळ राहावी असा आग्रह धरला. 'रेझरेक्शन' या लॅटिन शब्दाऐवजी त्यांनी 'गेनरायझिंग' असा घरचा शब्द घडवला. आज त्याला कोणी ओळखत नाही. आपल्याकडे शिवछत्रपतींनी रघुनाथपंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, त्यात सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातले काही रुजले. पण 'किल्ला', 'शिपाई', 'कागद' तसेच राहिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. 'दिनांक', 'महापौर' हे त्यांचे शब्द आज सर्रास चालतात. गंमत पाहा, 'मेयर' हा शब्द लॅटिन 'मायोर' म्हणजे 'अधिक मोठा' यापासून आला, आणि तो 'मायोर' आपल्या 'महत्'च्याच कुळातला. एक पाहुणा घालवला आणि त्याच्या जागी त्याचाच भाऊबंद बसवला! यावरून वाटते, की शब्द परका की आपला यापेक्षा तो लोकांना कळतो की नाही हा प्रश्न मोठा आहे.

हा प्रश्न नुसत्या पुस्तकी विद्येचा नाही. लॅटिन ही शतकानुशतके इंग्लंडातल्या सामान्य माणसाला बाहेर ठेवणारी भिंत होती. तेथील न्यायालयांची दप्तरे लॅटिनमध्ये ठेवण्याची रीत कायद्याने बंद झाली ती १७३३ मध्ये. ज्याचा खटला त्यालाच त्याचा कागद वाचता येत नसे. बायबल लोकांच्या इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम टिंडेलचा नवा करार १५२६ मध्ये छापला गेला आणि १५३६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला तेव्हा संस्कृतच्या कुलपाला त्यांनी अशीच चावी लावली होती.

ही भिंत आमच्या घरातही आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'बी. डी.' आणि 'टी. डी. एस.' अशी अक्षरे असतात. ती इंग्रजी नसून लॅटिनची आद्याक्षरे आहेत : 'बिस इन दिए' म्हणजे दिवसातून दोनदा, आणि 'तेर दिए सुमेंदुम' म्हणजे दिवसातून तीनदा घ्यावयाचे. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. एका दवाखान्यात तिने 'बी. डी. म्हणजे काय' असे विचारले तेव्हा 'तुम्हाला नाही कळायचे, घरात कोणी शिकलेले असेल त्याला विचारा' असे उत्तर मिळाले. घरात शिकलेली म्हणजे मी. परंतु खरे पाहता 'बिस'मध्ये तिचे 'दोन' आहे, 'तेर'मध्ये 'तीन' आहे आणि 'दिए'मध्ये 'दिवस' आहे. तिला न कळण्यासारखे त्यात काहीच नव्हते, सांगणाराच नव्हता.

म्हणूनच आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्यांसाठी हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. शेवटी त्याचा व्यवहारी उपयोग सांगते. संस्कृत धातूला जसे उपसर्ग लागतात, तसेच लॅटिनला. 'क्रम' म्हणजे पाऊल टाकणे. त्याला उपसर्ग लावून 'आक्रमण', 'अतिक्रमण', 'पराक्रम', 'उपक्रम' होतात. लॅटिनमध्ये 'ग्रेस्सुस' म्हणजे पाऊल टाकणे. 'अद' म्हणजे कडे, म्हणून अंगावर चालून जाणे ते 'अ‍ॅग्रेशन', म्हणजे आक्रमण. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, म्हणून हद्द ओलांडणे ते 'ट्रान्सग्रेशन', म्हणजे अतिक्रमण. 'प्रो' म्हणजे पुढे, म्हणून 'प्रोग्रेस', म्हणजे प्रगती. 'कोन' म्हणजे एकत्र, म्हणून 'काँग्रेस', एकत्र जमणे. 'क्रम' आणि 'ग्रेस्सुस' एका मुळाचे नाहीत, पण घडण एकाच साच्याची आहे. एक धातू आणि चार उपसर्ग ठाऊक असले की चार शब्द चार वेळा पाठ करावे लागत नाहीत. असे पंचवीस धातू आणि पंधरा उपसर्ग एका वहीत लिहून काढावेत. पाठ्यपुस्तकातले कितीतरी अपरिचित शब्द तोंडओळखीचे होतात, असा माझा अनुभव आहे.

आमच्या प्राध्यापकांनाही एक नम्र विनंती. इंग्रजीच्या तासाला मराठी व्याकरणाला दाराबाहेर उभे करू नये. 'डेंटल' शिकवताना 'दंत' फळ्यावर लिहावे, 'स्टेशन' शिकवताना 'स्थान' लिहावे. जी भाषा शब्दाशब्दाला आपल्याला कमीपणा देते असे वाटत होते, तीच आपल्याइतकी कर्जबाजारी आहे हे विद्यार्थ्याला कळले, की त्याची जीभ मोकळी होते. इंग्रजीने कर्ज घेतले म्हणून ती लहान झाली नाही, आणि मराठीने घेतले म्हणून मराठीही लहान होत नाही.

शिकणे म्हणजे अवघड शब्द वापरता येणे, असा आपला समज असतो. मला वाटते, अवघड शब्द सोपा करून घरी सांगता येणे हे खरे शिकणे. आता आमच्या चाळीत कोणाची औषधाची चिठ्ठी आली की ती माझ्याकडे येते. मी 'बी. डी.'च्या खाली पेन्सिलीने 'सकाळ-संध्याकाळ' असे लिहून देते. लॅटिन जाणण्याचा याहून मोठा उपयोग मला अजून सापडलेला नाही.